स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्था आणि अनुदानाचा प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिरुनागेश्वरम् येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाचा गौरव करावा, ही रीत आहे. सकाळपासून माझ्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी ती यथास्थित पाळली असल्यामुळे माझ्यावरचा तो भार उतरला आहे. कार्यवाहांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि वेळ मात्र भोजनोत्तर दिली. अशा वेळी पैशांचा आणि अनुदानाचा विषय काढणे धाडसाचेच. परंतु उभे आयुष्य केंद्र सरकारच्या हिशेबाच्या कागदांत गेलेल्या माणसाने दुसऱ्या कशावर बोलावे? मी साधा कलाशाखेचा पदवीधर आहे. समाजशास्त्राचा अथवा कायद्याचा अभ्यास मी केलेला नाही. संस्थांचे अर्ज, मंजुरीचे आदेश, उपयोगिता प्रमाणपत्रे आणि लेखापरीक्षकांचे आक्षेप मात्र पुष्कळ वाचले आहेत. त्या वाचनातून, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांविषयी जे मनात साठले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

हिशेबाच्या भाषेत खर्चाचे दोन प्रकार असतात : अनावर्ती आणि आवर्ती. इमारत, कपाट, शिवणयंत्र, संगणक हे एकदा घेतले की झाले. तो अनावर्ती खर्च. पगार, भाडे, तांदूळ, औषध, बसचे तिकीट हे दर महिन्याला लागते, तो आवर्ती. दाता कोणीही असो, सरकार असो की सावकार, त्याला अनावर्ती खर्च फार आवडतो. इमारतीवर नाव कोरता येते. रखवालदारणीच्या पगारावर ते कसे कोरणार? स्त्रीला वाचवणारा खर्च मात्र बहुतेक वेळा हाच दुसरा असतो. रात्री अकराला दार वाजले तर ते उघडणारी पगारी बाई आत असावी लागते. मला आज सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

आपण ज्या गावी जमलो आहोत त्या गावचा राहू प्रसिद्ध आहे. नागनाथस्वामींच्या ह्या देवळात तो आपल्या दोन पत्नींसह बसला आहे, आणि अभिषेकाचे दूध त्याच्या अंगावरून ओघळताना निळसर होते असे भाविक सांगतात. अडलेली लग्ने जुळावीत म्हणून राहुकाळी इथे किती गर्दी लोटते, ते आपण पाहतोच. जुळलेल्या लग्नात पुढे काय घडते, हे विचारायला पुन्हा इकडे कोणी फिरकत नाही. असो.

ह्याच कावेरीच्या मुलुखात, तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु येथे सरफोजीराजांनी उभारलेले मुक्तांबाळ छत्रम् आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे हे काम. ज्या मुक्तांबेच्या नावाने ते उभे राहिले ती राजांची विवाहित राणी नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रतिष्ठेच्या तराजूत जिचे वजन कमी भरले असते अशा स्त्रीचे नाव राजाने अन्नदानाला दिले. त्या काळच्या छत्रांत काय चाले, ह्याचे वर्णन खुद्द सरफोजीराजांनी १८०१ साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी झोपला असल्यास त्यास उठवून जेवू घालीत. आजाऱ्यास वैद्य असे, अनाथ मुलांचे पालन व शिक्षण होई, आणि गर्भवती निराधार स्त्रीची प्रसूती तेथे काळजीने केली जाई.

हे पत्र लिहिण्याची वेळ का आली, ते अधिक महत्त्वाचे आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. छत्रांच्या खर्चासाठी गावे आणि जमिनी लावून दिलेल्या होत्या, आणि त्यांचे उत्पन्न नव्या कारभारात दुसरीकडे वळले तर छत्रांचे काय, ही राजांची चिंता होती. राज्य गेल्यावरही ह्या माणसाने आग्रह धरला तो इमारतींचा नव्हे, त्यांच्या वार्षिक उत्पन्नाचा. मध्यरात्रीची घंटा वाजवणाऱ्या सेवकाला कोणीतरी वेतन द्यावे लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दरबारचे मोडी कागद तंजावरच्या सरस्वती महालात आहेत. मोडी वाचणारी माणसे आपल्यात झपाट्याने कमी होत चालली आहेत, हे ह्या निमित्ताने सांगून पुढे जातो.

छत्रात येणारी स्त्री वाटेने येई. ती कोणाच्या घरातून, कशामुळे बाहेर पडली, हे तेथे विचारले जात नसावे. हा प्रश्न उघडपणे विचारणारे महाराष्ट्रातील पहिले घर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांचे. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. घरातल्याच अथवा नात्यातल्या पुरुषाकडून फसलेल्या ब्राह्मण विधवेस गुप्तपणे बाळंत होता यावे, तिने मूल मारू नये व स्वतःही मरू नये, असा त्याचा हेतू. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रिया तेथे बाळंत झाल्याचे जोतीरावांनीच नमूद केले आहे. ह्या गृहाला कोणाचे अनुदान नव्हते. ते त्यांच्या राहत्या घरीच होते, आणि सुईणीचे काम सावित्रीबाईंच्या अंगावर पडे. दोन माणसांच्या अंगमेहनतीवर चाललेले काम त्या दोन माणसांबरोबर संपते; ह्या गृहाचेही पुढे तेच झाले.

नियमित देणगीचा पहिला मोठा प्रयोग पंडिता रमाबाईंचा. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन शहरी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली, आणि तिने दहा वर्षे दरसाल पैसा पुरविण्याचे वचन दिले. दहा वर्षे हा शब्द मी पुन्हा उच्चारतो. आजचे अनुदान बहुधा एका वर्षाचे, फार झाले तर तीन वर्षांचे असते. त्या वचनाच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. विधवा मुलींच्या शिक्षणाचे हे घर धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी अट होती.

१८९३ साली त्या अटीवरूनच वाद पेटला. रमाबाई ख्रिस्ती होत्या. त्यांच्या खाजगी प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि काही मुली आत जाऊन बसत. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोड उठविली. वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. हिशेबनिसाच्या नजरेला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. गावची प्रतिष्ठित माणसे निघून गेली, तरी दूरच्या दात्यांनी बाईंवरचा विश्वास काढून घेतला नाही, आणि म्हणून सदन बंद पडले नाही. ज्या मुलींना परत जायला घरच नव्हते, त्यांचे छप्पर टिकले. पैसा परका होता हे खरे. आपल्या समाजाचा पैसा त्या दाराशी पुरेसा आला असता, तर परक्या पैशाचा प्रश्न एवढा तीव्र झाला असता का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ह्याच सदनातून शिकून गेलेल्या गोदूबाई ह्या पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो. अण्णासाहेबांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्याची कथा मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. दारोदार फिरून रुपया-रुपया जमविणारा हा प्राध्यापक दात्याचे नाव आणि रक्कम प्रामाणिकपणे छापीत असे. लहान लहान वर्गण्या पुष्कळ असल्या म्हणजे एका दात्याच्या रागाने काम बुडत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकार स्वतः दाता झाले. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यासाठी चार कोटी रुपये ठेवण्यात आले. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. राजमहेंद्रीच्या ह्या कन्येचे लग्न आठव्या वर्षी लावून दिले होते. मोठ्या झाल्यावर त्यांनी ते नाकारले. मद्रासमध्ये त्यांनी आंध्र महिला सभा उभी केली, घटनासमितीत काम केले, आणि १९५३ सालीच अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांशी विवाह केला. दक्षिणेतील मराठी मंडळाने ह्या जोडप्याची आठवण ठेवावी असे मला वाटते. दुर्गाबाईंचे म्हणणे असे की, सरकारने संस्था काढू नयेत, गावोगाव आधीच काम करणाऱ्या स्त्रियांच्या हाती पैसा द्यावा. आणि काही वाटा संस्थेनेही उभारावा, म्हणजे काम तिचेच राहील. ह्या धोरणाने देशभर हजारो लहान संस्था जगल्या. १९६९ पासून अल्पमुदत निवासगृहांची योजना आली, १९८३ पासून कौटुंबिक सल्ला केंद्रे निघाली. ते मंडळ अलीकडे गुंडाळले गेले आणि योजना नव्या नावांनी दुसऱ्या छत्राखाली गेल्या. नावे बदलण्याचा आमच्या खात्यांचा उत्साह दांडगा आहे.

आता त्या कालखंडाकडे वळतो, जेव्हा हा विषय दयेचा न राहता हक्काचा झाला. तेव्हाच्या चांदा भागातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला ‘मथुरा खटला’ म्हणून प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडल्यानंतर, १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार ह्या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाचे कलमही आले. मधल्या काळात, १९८२ साली, पुण्यात मंजुश्री सारडा प्रकरणाने मध्यमवर्गीय घरांची झोप उडविली होती. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी नारी समता मंच उभारला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. प्रदर्शन पाहून झाल्यावर बाया मागे रेंगाळत आणि आपली हकीकत सांगू लागत, असे कार्यकर्त्या सांगत आल्या आहेत. म्हणजे ऐकणाऱ्या माणसाची गरज आहे, हे प्रदर्शनानेच दाखवून दिले.

ह्या गरजेला सर्वांत टिकाऊ रूप मिळाले ते मुंबईत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी एक विशेष कक्ष उघडला. जागा पोलीस आयुक्तालयाच्या आवारातली. बसणाऱ्या स्त्रिया मात्र पोलीस नव्हत्या, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या होत्या. ह्या रचनेतील शहाणपण पाहा. मार खाल्लेल्या बाईला गणवेशापुढे तोंड उघडावे लागत नाही, आणि मारणाऱ्या नवऱ्याला हेही कळते की, शेजारच्याच खोलीत पोलीस आहेत. पगार संस्थेचा, छप्पर पोलिसांचे. कितीतरी वर्षे अशा कक्षांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. २००१ पासून फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानाने हे काम महाराष्ट्राच्या अन्य जिल्ह्यांत गेले. आणि ते अनुदान संपल्यावर, २००५ साली, महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने हे कक्ष आपल्या खर्चात घेतले.

अनुदानाच्या इतिहासात मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. पुष्कळ चांगली कामे परदेशी अथवा धर्मादाय पैशावर तीन वर्षे बहरतात आणि चौथ्या वर्षी कुलूप लागते. येथे खाजगी पैशाने प्रयोग सिद्ध केला आणि करदात्याच्या पैशाने तो पुढे चालविला. मुंबई महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ह्या शतकाच्या आरंभी ‘सेहत’ ह्या संस्थेने महापालिकेच्या जोडीने ‘दिलासा’ केंद्र काढले, त्याचाही प्रवास असाच झाला. काही वर्षांनी महापालिकेने ते चालवायला घेतले. जिन्यावरून पडले, स्टोव्ह भडकला, असे सांगत येणाऱ्या बाईच्या जखमा डॉक्टर बांधतो. त्या जखमा जिन्याच्या नाहीत, हे ओळखून तिला शेजारच्या खोलीत बसवणारे माणूस हवे. ते माणूस म्हणजे पुन्हा आवर्ती खर्च!

सरकारने घेतले म्हणजे सगळे आबादीआबाद झाले, असे मात्र समजू नका. मंजुरी एप्रिलच्या नावाने आणि पैसा पुढच्या मार्चच्या तोंडावर, हा अनुभव लहान संस्थांना नवा नाही. मधले महिने कार्यकर्ती उसनवारीवर काढते, नाहीतर दुसरी नोकरी धरते. आणि तिच्याबरोबर दहा वर्षांचा अनुभव जातो. हप्ता का अडला, तर आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आले नाही. ते का आले नाही, तर आधीचा हप्ता मिळाला तेव्हा वर्ष संपत आले होते. हे चक्र मी मेजाच्या पलीकडून पाहिले आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

त्याहून सूक्ष्म अडचण अहवालाच्या रकान्यांत असते. ‘आलेली प्रकरणे’, ‘समेट झालेली प्रकरणे’, ‘प्रलंबित प्रकरणे’ असे रकाने आखले म्हणजे समेटाचा आकडा मोठा तो यशाचा, असे आपोआप ठरते. मग बाईला सासरी परत धाडले की संस्थेचा अहवाल सुंदर दिसतो. ती परत गेल्यावर मार थांबला की नाही, ह्याला रकानाच नसतो. रमाबाईंच्या दात्यांची अट निदान कागदावर लिहिलेली होती. ही अट कोणी लिहिलेली नाही, तरी ती पाळली जाते. माझ्या मते सहा महिन्यांनी त्या स्त्रीची खबर घेतली काय आणि ती स्वतः काय म्हणाली, हे दोन रकाने सर्वांत वर असावेत.

तसेच गुप्ततेचे. लेखापरीक्षक लाभार्थींची नावे, पत्ते आणि सह्या मागतो. तो त्याचे कर्तव्य करीत असतो. पण आसरागृहाची यादी फुटली तर शोधत आलेला नवरा दारात उभा राहतो. ह्यावर उपाय अवघड नाही. नोंदवहीत केवळ क्रमांक असावा. नाव दुसऱ्या, कुलपातल्या वहीत असावे, आणि तपासणी व्हावी ती शिध्याची, दुधाची, औषधाच्या बिलांची. तीस बायकांचे जेवण दाखवले आणि तांदूळ दहांचा आणला, हे कोणत्याही हिशेबनिसाला नावे न वाचता कळते.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या मंडळात दोन तऱ्हेची मराठी माणसे आहेत, हे आपण विनोदाने म्हणतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकोजीराजांच्या मागून आलेली घराणी, ज्यांची मराठी ऐकून पुणेकर चकित होतो; आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या दुष्काळी तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी आलेली कुटुंबे, जी दक्षिणेच्या जवळजवळ प्रत्येक गावच्या सराफकट्ट्याजवळ भेटतात. ह्या दुसऱ्या घरांत सून बहुधा गावाकडून येते. तिला तमिळ येत नाही. माहेर हजार किलोमीटरवर. शेजारीण काय म्हणते ते तिला कळत नाही, आणि ती रडली तर का रडते ते शेजारणीला कळत नाही. बहुसंख्य घरांत ती सुखाने नांदते, ह्यात शंका नाही. पण जिथे नांदत नाही, तिथे तिचा एकटेपणा पुण्यामुंबईच्या बाईला कल्पनेतही येणार नाही असा असतो.

काही वर्षांपूर्वी, कोणते गाव ते सांगत नाही, अशी एक मुलगी संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाऊन बसली. तमिळनाडूत १९९२ पासून महिला पोलीस ठाणी आहेत. तिथल्या बायका सहृदय होत्या, त्यांनी तिला चहा दिला, पंख्याखाली बसवले. पण त्यांना तिची भाषा येईना. शेवटी कोणीतरी मंडळातील एका वहिनींना दूरध्वनी केला. त्या जुन्या तंजावरी घराण्यातल्या. ‘आक्का, तुमची मराठी आमच्या आजीच्या आजीसारखी आहे,’ असे त्या मुलीने डोळे पुसत त्यांना म्हटले, हे वहिनींनीच मला पुढे सांगितले. पाच तास बसून त्यांनी दुभाष्याचे काम केले. त्यानंतर खरा प्रश्न उभा राहिला : आज रात्री हिने झोपायचे कुठे? मंडळाजवळ त्या वेळी दोनशे खुर्च्या होत्या, गणपतीची मखरे होती, उत्तम पेटी आणि तबला होता. ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. वहिनींनी तिला तीन रात्री आपल्या घरी ठेवले, आणि त्यांच्या यजमानांनी पदरच्या पैशाने तिकीट काढून तिला माहेरी पोचते केले. पुढे काय झाले ते त्या मुलीचे आहे. मी ते सभेत सांगणार नाही.

ह्या घटनेनंतर आपल्यातच दोन मते पडली, हेही लपवीत नाही. ‘घरगुती भांडणात मंडळाने पडू नये, वर्गणीदार दुखावतात,’ असे म्हणणारे सज्जन होते, आणि त्यांपैकी काही आज समोर बसले आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. मंडळ हे न्यायालय नव्हे, हे त्यांचे म्हणणे मान्य. पण ते म्हणणे मान्य करूनही रात्रीच्या झोपेचा प्रश्न शिल्लक राहतोच.

सरकारी व्यवस्था आहे. २०१३ च्या अर्थसंकल्पात हजार कोटींचा निर्भया निधी ठेवला गेला. २०१५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्रे निघाली, जिथे वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला आणि तात्पुरता निवारा एका छपराखाली मिळावा अशी योजना आहे. १८१ हा क्रमांक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ह्या गोष्टी प्रत्येक घरातल्या सुनेला आणि मुलीला ठाऊक असल्या पाहिजेत. खाजगी संस्थाही आहेत. चेन्नईत २००१ पासून काम करणारी पीसीव्हीसी ही संस्था आसरागृह चालवते आणि भाजलेल्या स्त्रियांना बरे होईपर्यंत, व नंतरही, साथ देते. भाजलेल्या बाईचे बरे होणे म्हणजे महिन्यांचा नव्हे, वर्षांचा खर्च असतो.

परदेशातूनही पैसा येत असतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९६ साली स्त्रियांवरील हिंसाचार थांबविण्यासाठी खास विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्यातून जगभरच्या संस्थांना अनुदाने दिली गेली. परंतु आपल्या देशात परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने, एका संस्थेला मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. दुरुस्तीमागे सरकारची कारणे होती. मी सरकारचा नोकर आहे आणि त्यावर टीका करण्यास उभा नाही. परिणाम एवढाच सांगतो की, मोठ्या संस्थेच्या हातून झिरपत येणारा परदेशी पैसा लहान गावच्या लहान संस्थेला आता मिळत नाही. ती उणीव देशातल्या दात्यांनीच भरून काढायची आहे, आणि देशातला दाता अजून इमारतीच्या फरशीवर आपले नाव शोधतो आहे.

म्हणून माझी सूचना. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृह बांधावे असा कार्यकारिणीचा विचार आहे. त्याला माझा विरोध नाही, सभागृह हवेच. माझे म्हणणे, निधीचा दहावा हिस्सा बाजूला काढून बँकेत ठेवावा आणि त्याचे व्याज सतत दहा वर्षे तमिळनाडूतील एखाद्या आसरागृहाला द्यावे. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षांचे वचन दिले होते, आपणही तेवढेच द्यावे. पैसा पगारासाठी आणि शिध्यासाठी असावा. पाटी नको. कोणाला ठेवून घ्यावे आणि कोणाला परत पाठवावे, ह्यात आपण शब्दही बोलू नये. मराठी मुलींसाठी राखीव जागाही मागू नये. त्या घरातील प्रत्येक स्त्री आपल्यासाठी सारखीच. हिशेब मात्र दरवर्षी मागावा, आणि तो वार्षिक सभेत मोठ्याने वाचावा. ते वाचन करण्यास मी तयार आहे.

याशिवाय तिकिटापुरती रोख रक्कम खजिनदारांनी कायम तयार ठेवावी, आणि ती कोणाला दिली हे पावतीपुस्तकात लिहू नये. वहिनींच्या यजमानांनी पदरमोड केली, ती पुन्हा कोणाला करावी लागू नये. आणि दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या भगिनींची दुभाष्या म्हणून एक यादी असावी, जी जवळपासच्या महिला पोलीस ठाण्यांना आणि जिल्ह्याच्या सखी केंद्राला देता येईल. हे काम जुन्या तंजावरी घराण्यांतील स्त्रियांखेरीज कोणाला जमणार? साडेतीनशे वर्षे जपलेल्या भाषेचा ह्याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांच्या स्वाधीन केला आहे. तो दुपारच्या सर्वसाधारण सभेत चर्चेला येईल. विरोध असणाऱ्यांनीही तेथे मोकळेपणाने बोलावे, घरी जाऊन बोलू नये. दुभाष्यांच्या यादीची वही मंडपाच्या मागच्या मेजावर, पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवली आहे. मी भाषणाला उभा राहण्यापूर्वी पाहिले, तेव्हा तीत दोन नावे होती. त्यांतले पहिले कोणाचे असेल, हे मंडळातल्या सर्वांनी ओळखले असेलच.